राणी माझ्याकडे होती

ब्रिज मला लग्नानंतर यांनी शिकवला. हे हैदराबादला, कुकटपल्लीच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. तिथल्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचे डाव रंगायचे, त्यातून यांना ब्रिजचा नाद लागला. मी पुण्याहून लग्न होऊन चिक्कडपल्लीच्या घरात आले, तेव्हा यांना घरातच जोडीदार मिळाला. मी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे कोणते पत्ते पडले आणि कोणते राहिले हे लक्षात ठेवणं मला जड गेलं नाही. जड गेला तो वेग.

"पान एकाच चालीनं टाकायचं," हे मला सारखं सांगायचे. "चांगलं पान असलं तरी आणि नसलं तरी. तू थांबलीस की समोरच्याला कळतं, हिच्याकडे काहीतरी आहे. आणि काही नसताना थांबलीस तर ती सरळ लबाडी."

सुरुवातीला मला ते अती वाटायचं. पत्ते तर खेळतोय, त्यात एवढं काय? पण यांचं तसं नव्हतं. एकदा घरीच चार जण खेळत असताना मी उगाच कपाळाला आठ्या घालून एक दुर्री टाकली आणि डाव जिंकला. पाहुणे हसले. हे मात्र त्या संध्याकाळी पुढचा डाव खेळले नाहीत.

पुढे आम्हाला मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, आणि देशाचे वारे बदलले. बाहेरची यंत्रं सहज मिळू लागली आणि यांच्या कारखान्यातल्या यंत्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द पहिल्यांदा मी यांच्याच तोंडून ऐकला, पण तो दुसऱ्या कुणाबद्दल तरी. अमक्यानं घेतली, तमक्याचं चाललंय. स्वतःबद्दल हे कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात सासऱ्यांच्या समोर तो विषय निघणंच शक्य नव्हतं. आबा नांदेडकडचे शेतकरी. मुलगा सरकारी नोकरीला लागला तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते, आणि अजूनही कुणी नवीन माणूस घरी आला की आधी तेच सांगायचे.

त्या उन्हाळ्यात हे गप्प गप्प राहू लागले. एक-दोनदा भर दुपारी घरी आले आणि नुसतेच गॅलरीत बसून राहिले. विमा कुठे आहे, कपाटाची चावी कुठली, हे मला मुद्दाम बसवून दाखवलं. आणि एक दिवस एकदम म्हणाले, "तू स्कूटर शिकून घे. केव्हा लागेल सांगता येत नाही."

मी ठरवूनच टाकलं की यांना काहीतरी मोठा आजार झालाय आणि हे माझ्यापासून लपवतायत. यांच्या बॅगेत, खिशात, कपाटात मी डॉक्टरांचे कागद शोधले. काहीच सापडलं नाही, तेव्हा भीती आणखी वाढली. विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं. विचारलं आणि यांनी हो म्हटलं तर?

अशा मनःस्थितीत आम्ही त्या रविवारी काचीगुड्याला जोडप्यांच्या स्पर्धेला गेलो. नाव आधीच दिलेलं होतं, आणि मला वाटलं, यांना तेवढाच विरंगुळा.

हॉलमध्ये टेबलं मांडलेली, वर पंखे, पत्ते उडू नयेत म्हणून निम्मे बंद. रेल्वेतून निवृत्त झालेले एक तेलुगू गृहस्थ पंच होते. प्रत्येक फेरीला ठरलेला वेळ आणि तो संपला की घंटा. यांच्या रेंगाळण्यामुळे आम्ही सकाळपासून वेळेत मागे पडत होतो. दोनदा घंटा झाली तरी आमचा डाव चालूच होता, आणि पंच आमच्या टेबलापाशी येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून गेले. तरी आम्ही चांगले खेळत होतो. जेवणानंतर फळ्यावर पाहिलं तर आम्ही सगळ्यांत वर होतो.

शेवटच्या फेरीला आमच्यासमोर एक वकीलसाहेब आणि त्यांची बायको आले. जुने हैदराबादी, खेळाला पक्के आणि जिभेला तिखट. डाव वकीलसाहेब खेळत होते, त्यांच्या बायकोचे पत्ते नियमाप्रमाणे टेबलावर उघडे मांडलेले. सगळं येऊन एका हातावर अडलं. चौकटची राणी कुणाकडे आहे, यांच्याकडे की माझ्याकडे, एवढंच त्यांना ओळखायचं होतं. बरोबर ओळखलं तर डाव त्यांचा, चुकलं तर आमचा.

वकीलसाहेबांनी चौकटचा गुलाम टाकला. पुढची पाळी यांची.

हे थांबले.

राणी माझ्याकडे होती. म्हणजे यांच्याकडे विचार करण्यासारखं काहीही नव्हतं. एखादं बारकं पान टाकून मोकळं व्हायचं, एवढंच. पण हे हातातल्या पत्त्यांकडे पाहत बसले होते. पंख्याचा आवाज येत होता. त्या टेबलावर ही गोष्ट फक्त मला कळत होती, आणि मला तोंडही उघडता येत नव्हतं. पहिल्यांदा मनात आलं, यांना चक्कर येतेय. मग यांचा चेहरा पाहिला. चक्कर नव्हती. मग दुसरा विचार आला, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. हे मुद्दाम तर करत नाहीत ना?

अखेर यांनी दुर्री टाकली.

वकीलसाहेब हसले. एवढा विचार करणाऱ्याकडेच राणी असणार, असं धरून त्यांनी बायकोच्या उघड्या पत्त्यांतला राजा वापरलाच नाही, गुलाम तसाच पुढे जाऊ दिला. मी राणी टाकली. डाव बुडाला.

वकीलसाहेबांनी हातातले पत्ते टेबलावर आपटले.

"रानीच नहीं थी, तो कायकू सोच रहे थे आप?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले. वकीलसाहेबांनी हात वर करून पंचांना बोलावलं आणि सगळं सांगितलं, कोर्टात सांगावं तसं, पदरचा एकही शब्द न घालता. पंचांनी यांचे पत्ते मागून घेतले, पाहिले, आणि हिंदीत शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे चौकटची दोनच पानं होती, दोन्ही बारकी. मग तुम्ही विचार कसला करत होतात?"

नियमच तसा आहे. थांबण्याचं कारण पत्त्यांत असलं पाहिजे. नसेल, आणि समोरचा त्यामुळे फसला असेल, तर गुण त्याचे. मला तो नियम यांनीच शिकवला होता.

"पत्त्यांचा विचार करत नव्हतो," हे म्हणाले.

"मग?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारी मी कारखान्यात नाव दिलं. निवृत्तीसाठी. घरी अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं, तेच..."

हे मराठीतच बोलून गेले होते. मग भानावर येऊन तेच हिंदीत सांगू लागले, पण अर्ध्यातच थांबले, कारण मी हसत होते. हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला आवरेना.

"एवढंच?" मी म्हटलं. "अहो, एवढंच आहे ना? दुसरं काही नाही?"

"दुसरं काय असणार?"

"तब्येत?"

"तब्येतीला काय झालंय माझ्या?" यांना खरंच काही कळत नव्हतं.

वकीलसाहेबांच्या बायकोनं पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला. पंचांनी यांचे पत्ते परत टेबलावर ठेवले आणि म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण गुण बदलावेच लागतील. हे लगेच म्हणाले, "बदलाच. माझीच चूक आहे." यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी पहिल्यासारखा ठामपणा होता.

वकीलसाहेब पत्ते गोळा करत होते. ते यांना म्हणाले, "पॉइंट मैं लूँगा. इल्जाम वापस लेता हूँ." आणि हात पुढे केला.

आम्ही पहिल्यावरून चौथ्यावर आलो. बक्षीस पहिल्या तीन जोड्यांनाच होतं.

बाहेर आल्यावर स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. तिथे मी यांना माझ्या सगळ्या शंका सांगितल्या. विम्याचं, चावीचं, दुपारी गॅलरीत बसण्याचं. हे ऐकत होते आणि यांचे कान लाल होत होते.

"आणि स्कूटर?" मी विचारलं. "स्कूटर कशाला शिकायची?"

"बाळानगरला मित्राचं वर्कशॉप आहे. तो बोलावतोय. कारखान्याची बस बंद होईल, मी साध्या बसनं जाईन, लवकर निघावं लागेल. मुलीला शाळेत कोण सोडणार?"

मी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "मला वाटलं तू चिडशील. पक्की नोकरी सोडली म्हणून."

"चिडेन," मी म्हटलं. "पण आज नाही."

आणि खरंच त्या दिवशी मला कशाचाच राग येत नव्हता. पुढच्या महिन्यांची काळजी होतीच, पण ती मला पेलण्यासारखी वाटत होती. माणूस समोर बसून बशीत चहा ओतत होता, धडधाकट.

राहिले आबा. यांची खरी धास्ती तीच होती. घरी पोचलो तेव्हा आबा खुर्चीत रेडिओ लावून बसले होते. यांनी रेडिओ बंद केला, समोर जमिनीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. मी दारातच उभी राहिले. आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "मंग तू आता दुपारचा घरी राहशील?"

"काही दिवस राहीन. एक तारखेपासून."

"डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय मला. सहा महिने झाले. तुला सुट्टी न्हाई म्हनून बोललो न्हाई." मग म्हणाले, "फॅक्टरी बंद पडायलीय, हे पेपरात येतंय की रे. मला वाचता येतं अजून, एका डोळ्यानं का होईना."

हे आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. मग दोघं डॉक्टरांबद्दल बोलू लागले, कोणता चांगला, कोणता नुसताच पैसे घेतो. मी आत जाऊन कणीक भिजवायला घेतली. बाहेर आबा मोठ्यानं काहीतरी सांगत होते आणि हे त्यांना मध्येच तोडत होते. माझ्या हाताला पीठ लागलेलं, तशीच मी थोडा वेळ ऐकत उभी राहिले.