डाव्या हाताचा शनिवार

साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाचवीत, हसनाबादच्या शाळेत, आणि पाहताक्षणी हात पाठीमागे लपवला. मी डावखुरी. घरी डाव्या हाताने भाकरी तोडली की आजी मनगटावर चापट मारायची आणि वर्गात मुली चिडवायच्या. चित्रकलेचे नवे सर आले म्हणजे आणखी एक चापट, अशीच माझी समजूत होती. सर त्या हाताकडे नुसते पाहून पुढे गेले. पुढच्या शनिवारी मात्र वर्गात येऊन म्हणाले, "आज समद्यांनी डाव्या हातानं काढायचं. हिनं तेवढं उजव्या."

त्या दिवशी चाळीस मुलांच्या हातून ज्या घागरी निघाल्या, त्यांच्याविषयी न बोललेले बरे. वर्गातला सर्वांत तयारीचा मुलगा तर रडकुंडीला आला. मला त्यानंतर कुणी चिडवले नाही, आणि डाव्या हाताचा शनिवार हा शाळेचा रिवाजच होऊन बसला.

सरांचा दुसरा रिवाज म्हणजे मुलांच्या कागदाला ते कधीही पेन्सिल लावत नसत. चूक दाखवायची तर खिशातून पाठकोरी चिठ्ठी काढायची, तिच्यावर रेघ काढायची आणि ती चित्राशेजारी ठेवायची. "कागद पोराचा हाय," एवढेच म्हणत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलाच्या चित्रात स्वतःच दुरुस्ती सुरू केली, तेव्हा सरांनी अत्यंत नम्रपणे त्यांच्यापुढे चिठ्ठी धरली. साहेबांना ती नम्रता फारशी मानवली नाही म्हणतात.

माझ्या वडिलांचा माझ्या चित्रकलेच्या शिक्षणाला विरोध होता. सर सलग तीन रविवार मस्तगडच्या आपल्या घरून एसटीने आमच्याकडे आले. चित्रकलेविषयी अवाक्षर नाही. कापसाच्या आणि सोयाबीनच्या गप्पा मारायच्या, चहा घ्यायचा आणि निघायचे. तिसऱ्या रविवारी वडीलच म्हणाले, "मास्तर, भरा पोरीचा फारम. माझी दुपारची झोप तरी वाचन." आज त्याच शाळेत, सरांच्याच जागी, मी शिकवते आहे.

दोन वर्षांपूर्वी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे परतले, चालणे परतले. उजवा हात परतला नाही. निवृत्तीनंतरही रोज चित्र काढणाऱ्या या माणसाने रंगांची पेटी माझ्यापुढे सरकवली. "घेऊन जा. हितं वाळून राह्यले रंग."

मी डाव्या हाताचे नाव काढले, तेव्हा म्हणाले, "पोरांना सांगणं सोपं व्हतं." मला फार वाईट वाटले आणि, खरे सांगायचे तर, रागही आला. निघताना काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "दिसभर भिंतीकडं बघत बसतेत. तू येत जा, बाई."

पेटी मी नेली नाही. तीन रविवारांची युक्ती मला ठाऊक होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की वर्गाची डाव्या हाताची चित्रे घेऊन मी मस्तगडला जाऊ लागले. आग्रह नाही, उपदेश नाही. चित्रे समोर ठेवायची आणि काकूंशी गप्पा मारायच्या. सर पाने उलटत आणि परत करत. असे कित्येक शनिवार गेले. मी जवळजवळ आशा सोडली होती.

अलीकडेच एकदा सातवीतली सानिया हट्टाने माझ्याबरोबर आली. तिच्या शेळीच्या चित्रावर सर थांबले.

"हा मागचा पाय माणसावानी वाकून राह्यला."

"आमची शेळी तशीच उभी राहती, सर."

"न्हाई राहत."

"राहती. लंगडती ती."

"लंगडती का? मंग खूर असा टेकन," म्हणत सरांनी डावा हात खिशात घातला. खिशात चिठ्ठी नव्हती. निवृत्तीनंतर ती लागलीच नव्हती. काकूंनी कॅलेंडरचे जुने पान फाडून दिले, मी पेन्सिल दिली. सरांनी चार-पाच रेघा ओढल्या आणि पान सानियाच्या चित्राशेजारी ठेवले. त्यानंतर कुठे त्यांचे लक्ष स्वतःच्या हाताकडे गेले. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सानिया पाय ताडून पाहत होती. "बराबर हाय. पण रेघ लै हालती तुमची, सर."

"शनिवार हाय ना आज," सर म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी दोन वर्षांनी पाहत होते.

ते पान सरांच्या या गौरवग्रंथात छापायची आमची फार इच्छा होती. सानियाने दिले नाही. आपल्या चित्राची दुरुस्ती आहे, म्हणाली. तिचा हक्क सरांनीही मान्य केला. रंगांची पेटी मस्तगडलाच आहे, पिवळा संपला म्हणून परवाच तिच्यात नवा भरला.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना खूप मोठे, निरोगी आणि काकूंच्या सोबतीचे आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. तीत आमचा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. सातवीत अजून बऱ्याच जणांना पाय जमत नाहीत.