सहावा मासा

अमेरिकेत शुगर लँडला मुलाकडे राहते मी. शेजारी नागपूरकडचा एक इंजिनिअर राहतो. त्याच्या बोलण्यात प्रत्येक काम चालूच असतं. जेवून राहिलो, जाऊन राहिलो. मागच्या महिन्यात त्यानं काचेची टाकी आणली आणि त्याच दिवशी तिच्यात सहा मासे सोडले. आठवड्यात त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले.

"टाकी सायकल झाली नव्हती, मावशी."

मला वाटलं, माशांना सायकल कशाला? मग कळलं, लोणच्यासारखं पाणी आधी मुरावं लागतं.

त्यानं पाण्यात मीठ टाकलं, पाणी तापवलं. बाहेर अंग भाजतंय आणि हा मासे गारठतील म्हणून एसी बंद करून बनियनवर बसलेला. ऑफिसात सांगितलं, घरात आजारपण आहे.

पाच मासे मेले. काल बघायला गेले, तर टाकीला कान लावून बसला होता.

"काय रे?"

"श्वास घेऊन राहिला का ऐकतो, मावशी."

मी हसले नाही. माझी दोन लेकरं गोवरानं गेली. मजुरीला जावं लागायचं, उशाशी बसायला मिळालं नाही.

मी खुर्ची ओढली. म्हटलं, "तू जरा पड. मी बसते याच्याजवळ."