पंख्याची वायर

कमलिनीबाईंना कुणी ‘हे जमणार नाही’ म्हटलं, की झालंच! रेल्वेच्या टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा ओढल्या, निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओचा परवाना काढला आणि लक्ष्मी गेट भागातल्या आपल्या घरावर अँटेना ताणला. तिथून खाली सेटपर्यंत महागडी केबल लावतात. बाईंनी लावली पंख्याची पिळाची वायर, घरोघरी असते तीच.

रविवारी सकाळी या हौशी रेडिओवाल्या मंडळींची रेडिओवर हजेरी असते. नाव सांगायचं, अँटेना नि वायर कुठली तेही सांगायचं, असा रिवाज. हजेरी घेणारे रत्नाकरजी, बडे साहेब म्हणून निवृत्त झालेले. बाईंचा आवाज त्यांना तीनदा विचारल्यावर कुठे कळला. मग सगळ्यांदेखत त्यांनी सुनावलं, पुढच्या रविवारपर्यंत केबल लावा, नाहीतर नाव कमी करतो.

झोंबलं हो, चांगलंच झोंबलं. एवढ्या हौसेनं मिळवलेली जागा, आणि ती एका वायरीपायी जाणार?

गुरुवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना बाईंची नजर खाली उतरणाऱ्या लोखंडी पाइपावर गेली. वायर त्यांनी हात-हात अंतरावर पाइपाला आवळून बांधली होती, अगदी खात्याच्या शिस्तीत. तिथे हे चालायचं. इथे तो मेला पाइपच आवाज गिळत होता. बाईंनी एकेक गाठ सोडली, नायलॉनच्या दोरीनं वायर पाइपापासून लांब, अधांतरी टांगली. सेट लावला, तर दूरदूरचे आवाज लख्ख.

रविवारी बाईंनी नाव सांगितलं मात्र, वायरीचं सांगायच्या आतच रत्नाकरजी खूश झाले. आवाज खणखणीत आहे, केबल बसवलीत ते उत्तम केलंत, असं म्हणून पुढे निघालेही. गप्प राहिलं असतं तर नाव टिकत होतं. पण गप्प राहतील त्या कमलिनीबाई कसल्या!

“केबल नाही, रत्नाकरजी. तीच पंख्याची वायर आहे. पाइपाला बांधली ही चूक माझी, वायरीची नव्हे. आता नाव कमी करायचं तर करा, पण का ते सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा.”

मग चिरगाँवचे रघुनाथ भैया मध्येच बोलले. दोन वर्षं हा माणूस दर रविवारी केबल म्हणून सांगत आला होता.

“साहब, हमाई भी पंखा वारी है।”

रत्नाकरजींनी घसा साफ केला आणि पंख्याच्या वायरीवाल्या दोघांचीही हजेरी लावली.