एक बोल्टसुद्धा बदललेला नाही

आमच्या कंपनीनं इंग्लंडमधली ती जुनी मोटरसायकल कंपनी विकत घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त राग आला माझ्या सासऱ्यांना. तिथल्या कामगारांनाही एवढा आला नसेल. त्यांना बिचाऱ्यांना पगार सुरू राहणार म्हणून हायसंच वाटलं होतं, असं नंतर ऐकलं.

मी पुण्याची. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि इथल्याच एका दुचाकी कंपनीत इंजिनांच्या विभागात लागले. आमच्या गाड्या म्हणजे ॲव्हरेज देणाऱ्या, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवता येणाऱ्या. सासरे मूळचे बेळगावकडचे, चाळीस वर्षं बेंगळुरूच्या हेब्बाळात आहेत. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणते. अण्णांकडे त्या इंग्लिश कंपनीची, त्यांच्याहून थोडीशीच लहान असलेली मोटरसायकल आहे. त्यामुळे माझ्या नोकरीकडे ते आधीपासूनच जरा वरून बघायचे. खरेदीची बातमी टीव्हीवर लागली, आमचे मोठे साहेब कुणा लालबुंद गोऱ्या माणसाशी हात मिळवताना दिसले, आणि अण्णांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"राणीला आणून भांडी घासायला बसवलं की गं तुम्ही," ते म्हणाले.

"अहो अण्णा, राणीचं दिवाळं निघालं होतं," मी म्हणाले. "आम्ही निदान जेवायला तरी घालतोय."

सासूबाई हसल्या. अण्णा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

ती गाडी आमच्या जिन्याखाली उभी असते. सकाळी आंघोळ झाली की अण्णा आधी तिला पुसतात, मग देवांना. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तर विचारूच नका. गल्लीतल्या बाकीच्या स्कूटर आणि कारना एकेक झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू, एवढ्यात भागतं. आमच्या गाडीला केळीचे खुंट, कोहळा, नारळ, आणि पुढं प्रसादासाठी अर्धी गल्ली. मग कुणीतरी नवा भाडेकरू विचारतो, एवढी जुनी गाडी अजून चालते कशी? अण्णा त्याचीच वाट बघत असायचे. "पूर्ण ओरिजिनल आहे. एक बोल्टसुद्धा बदललेला नाही." हे वाक्य मी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत ऐकलेलं आहे. मी त्यांच्या मागं उभी राहून तेच बोलत असल्यासारखे ओठ हलवायचे आणि सासूबाई हसू लपवायला तोंडाला पदर लावायच्या.

ऑफिसात मात्र वेगळीच पंचाईत झाली होती. इंग्लंडहून जुन्या ड्रॉइंगच्या पेट्या आल्या. सगळी मापं इंचात, ते ठीक. पण ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला एक भाग दुसऱ्यात बसेल तर शपथ. तिथले कामगार म्हणे ड्रॉइंग भिंतीला टांगून ठेवायचे आणि कानस घेऊन प्रत्येक भाग हातानं जुळवायचे. म्हणजे आम्ही कंपनी घेतली होती आणि अक्कल तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोटांतच राहून गेली होती. त्या कारखान्यातला एक निवृत्त फोरमन सल्लागार म्हणून येणार होता. त्यानं एकच गोष्ट मागितली होती, कधीही न उघडलेलं, कारखान्यातून आलं तसंच राहिलेलं एक इंजिन.

महादेवपुऱ्याच्या ऑफिसात त्यावर मीटिंग झाली. असं इंजिन कुठं मिळेल, आमच्या विभागाच्या साहेबांनी वीस जणांना विचारलं. मी हात वर केला. "माझ्या सासऱ्यांकडे आहे," मी म्हणाले. "एक बोल्टसुद्धा बदललेला नाही." घरी ज्या वाक्याची मी टर उडवायचे, ते तिथं छाती पुढं काढून म्हटलं. अण्णांना आधी विचारावं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

घरी सांगितलं तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला. मला वाटलं, राणी आमच्या हातात द्यायची म्हणून. पहिल्यांदा ते म्हणाले, आषाढ चाललाय, आषाढात गाडी हलवत नाहीत. आषाढ संपला तर गुडघा दुखायला लागला. गाडी टेम्पोतून जाणार, त्यात गुडघ्याचा काय संबंध, असं मी विचारलं तेव्हा अमावास्या पुढं आली.

"अण्णा, पंचांग संपत आलं हं," मी म्हणाले. मला फार मजा वाटत होती.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं. ते स्टुलावर बसले होते, हातात फडकं, पण पुसत काहीच नव्हते.

"ओरिजिनल नाही गं ती," ते म्हणाले.

मी हसले. ते हसत नव्हते.

"पिस्टन जीपचा आहे, लेथवर कातून लहान करून घेतलेला. व्हॉल्व विहिरीच्या पंपाचे. क्लचमध्ये बाटल्यांची बुचं कापून घातल्यात. बाहेरून दिसतंय तेवढंच इंग्लंडचं."

"पण हे सगळं केलं कुणी?"

तेव्हा त्यांनी मेस्त्रींचं सांगितलं. हेब्बाळच्या फ्लायओव्हरपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ आहे आणि तो चालवणारे हे मेस्त्री. वीस वर्षं गाडीत काही मोडलं की अण्णा तुकडे रुमालात बांधून तिकडे न्यायचे आणि मेस्त्री त्यावरून नवा भाग करून द्यायचे. एका आयुधपूजेला मेस्त्री स्वतः हार घेऊन आमच्याकडे आले. नेमका तेव्हाच एका भाडेकरूनं तो नेहमीचा प्रश्न विचारला आणि अण्णांच्या तोंडून सवयीनं ते वाक्य गेलं. मेस्त्री शेजारीच उभे होते. त्यांनी गाडीला हार घातला, प्रसाद घेतला आणि निघून गेले. त्यानंतर ते कधी आले नाहीत. अण्णाही कधी शेडकडे फिरकले नाहीत. ह्याला नऊ वर्षं झाली.

"जाऊन चुकलं म्हणायचं होतं," अण्णा म्हणाले. "पण मग गल्लीतबी सांगावं लागलं असतं की."

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या पूजेला मीही तिथंच होते, मागं उभी राहून ओठ हलवत. हार घेऊन आलेला तो माणूस मला आठवतसुद्धा नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणाले, साहेबांना काहीतरी सांगते, गाडी पडली, मोडली म्हणून. अण्णांनी मान हलवली. "नको. घेऊन जा. तो माणूस उघडल्याबरोबर ओळखणार. एकदा कुणाला तरी कळू दे."

मी साहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, आणा तरी, इंजिनाचं बाहेरचं कवच मोजता येईल. गाडी देवनहळ्ळीजवळच्या आमच्या वर्कशॉपला गेली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले. फोरमन उंच, पाठीत वाकलेला, अण्णांच्याच वयाचा होता आणि इथं आल्यापासून फिल्टर कॉफीच्या इतका नादी लागला होता की पेला हातातून सुटत नव्हता. त्यानं टेबलावर दोन पांढरी फडकी अंथरली. आपल्या कारखान्याचे भाग डावीकडे, बाकीचे उजवीकडे. तासाभरात उजवं फडकं पुरेना. झाकणाखालचं गॅस्केट, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवतात तो पुठ्ठा, त्यानं चिमट्यानं सोडवून उजेडात धरलं, आणि आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कुठे गेल्या ते मला कळलं. मेस्त्रींशी संबंध तुटल्यावर अण्णा गॅस्केट घरीच कापायला लागले होते. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ इतकी वर्षं तेलात राहूनही स्वच्छ वाचता येत होती.

कंपनीनं जगभरातल्या जुन्या गाड्यांची नोंद करायला घेतली होती. त्याचा एक छापील फॉर्म होता. फोरमननं 'ओरिजिनल' ह्या शब्दापुढं 'नाही' असं लिहिलं. अण्णांनी ते वाचलं आणि मान खाली घातली. मला तो म्हातारा गोरा तेव्हा मुळीच आवडला नाही. मग त्यानं तो पिस्टन उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हा कुणी केला? पेन 'निर्माता' ह्या रकान्यावर धरलेलं. अण्णांनी मान वर केली. त्यांनी मेस्त्रींचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. कंपनीच्या छापील नावाखाली फोरमननं ते सावकाश लिहिलं.

"असा हात असलेली माणसं आमच्याकडे होती," तो म्हणाला. "आधी त्यांनाच काढून टाकलं."

इंजिन परत जोडायला तीन दिवस लागले. गाडी न्यायला टेम्पो आला तेव्हा अण्णा त्या फॉर्मची झेरॉक्स छातीशी धरून पुढं बसले. हेब्बाळ आल्यावर ते ड्रायव्हरला म्हणाले, फ्लायओव्हरपलीकडे घे.

मेस्त्री शेडमध्येच होते. त्यांनी अण्णांकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं आणि लेथ बंद केला. अण्णांनी फॉर्म पुढं केला. मेस्त्रींना इंग्रजी येत नाही आणि अण्णा लेथकडे बघत होते, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मीच सांगितलं, की ह्यात तुमचं नाव आहे आणि मूळ कागद इंग्लंडला जाणार आहे. त्यांनी नावावरून नजर फिरवली.

"गल्लीत सांगितलंत?" त्यांनी अण्णांना कन्नडमध्ये विचारलं.

"नाही."

"मग इंग्लंडला सांगून मला काय उपयोग?"

त्यांनी हात धुतले, शेडला कुलूप लावलं आणि टेम्पोत पुढं, अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. मला जागाच उरली नाही. मी मागं चढले आणि गाडीला धरून उभी राहिले. केबिनच्या मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. सबंध रस्ताभर दोघांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

गल्लीत गाडी उतरवायला शेजारचे दोघे जण आले. एकानं विचारलंच, काय अण्णा, इंग्लिश माणूस काय म्हणाला? अण्णांनी घसा खाकरला. हा माणूस शब्दासाठी अडलेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, "इदन्न इवरे माडिद्दु." ही ह्यांनीच बनवली.

मेस्त्रींनी तो हात झटकला नाही, पण त्यांचं समाधानही झालं नव्हतं.

"स्वल्प जोरागी हेळी," ते म्हणाले. जरा मोठ्यानं सांगा.

अण्णांनी पुन्हा सांगितलं, एवढ्या मोठ्यानं की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली आणि सासूबाई काय झालं म्हणून धावत खाली उतरल्या. मग अण्णांनी पिस्टनपासून एकेक भाग सांगायला सुरुवात केली.