ठकीच्या बोटाचं पेर

मी आयुष्यात एकदाच चौदा माणसांचा भात बिघडवला, आणि तोही अगदी मोजूनमापून.

पोशीरला आमचे गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, भात कापणीला आले होते; लवकर पिकणारे हळवे आधीच घरात आले होते. दाणा झडायला लागला होता; तीन दिवसांत कापले नाही तर निम्मे पीक खाचरातच सांडणार. कापणारी चौदा माणसे कशीबशी जमवली. दुपारचे जेवण शेतवाल्याने घालायचे, हा गावचा रिवाज. जेवण बिघडले की माणसे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या खाचरात. आणि नेमकी पहिल्याच सकाळी बायको बाहेर बसली! (म्हणजे चार दिवस चुलीला शिवायचे नाही, मागच्या पडवीत वेगळे राहायचे.)

तिने पडवीतूनच पोरांना स्वयंपाक शिकवायला घेतला. ठकी आठ वर्षांची, बाळू सहाचा. चूल, तांदूळ धुणे, वालाची आमटी, सगळे कुडापलीकडून तोंडी. मीठ किती, असे बाळूने विचारले तर चव घेऊन घाल म्हणाली. मला हे मुळीच पटले नाही. चव हे काय माप झाले?

मग भात. "ठके, तांदळाच्या वर तुझ्या बोटाचं एक पेर पाणी ठेव गं."

ठकीने हंड्यात बोट बुडवले आणि पाणी घातले. मी सुतळीने तिचे पेर मोजले, मग माझे. माझी दोन पेरे म्हणजे ठकीची तीन. (दोनदा मोजले.) पोरीचे बोट लहान, एवढी साधी गोष्ट ध्यानात येऊ नये, म्हणून मला बायकोची कीव आली. ठकी कुजबुजली, "बाबा, आईने माझंच बोट सांगितलंय." मी तिला गप्प बसवून कमी पडलेले पाणी घातले. हंडा रुंद, वाफ जास्त जाणार, म्हणून वर आणखी दोन तांबे.

काही वेळाने पडवीतून विचारणा झाली, "पाणी आटलं का गं?"

"आई, तांदूळच आटले."

चौकशी झाली. बायको शांतपणे म्हणाली, "हळव्याचे नवे तांदूळ आहेत. नव्याला पाणी कमी लागतं. म्हणून तिचं बोट सांगितलं, तुमचं नाही."

शेतावर भात पानावर वाढला तो थेट बांधाकडे निघाला. कापणाऱ्यांची म्होरकी भागीआजी त्याच्याकडे बघत राहिली. "दादा, ह्यो भात हाय का खळ?" कोणी केला, असे तिने विचारल्यावर बाळूने सरळ माझ्याकडे बोट केले. आजीने आमटी चाखली. आमटी पोरांची होती.

"उद्या येऊ आमी," ती म्हणाली. "पन चुलीशी पोरांनाच बसवा. तुमी आमच्यासंग विळा धरा."

दुसऱ्या दिवशी ठकीच्या पेराचा भात असा झाला, की शीत न् शीत सुटे. मी मात्र शेतात होतो. प्रत्येक मूठ बरोबर वीतभर उंचीवर कापत होतो, आणि इतरांनीही तसेच कापावे म्हणून त्यांच्या मागे सुतळी घेऊन फिरत होतो. दिवस मावळता निम्मे खाचर उभेच.

परत जाताना भागीआजी पडवीसमोर थांबली.

"वैनी, उद्या दादांना चुलीशीच बसवा. भात आमी पिऊ."