व्याह्यांचं पिस्तूल

आमच्या व्याह्यांनी जन्मात एक वस्तू एका खेपेत घेतलेली कुणी दाखवून दिली, तर मी माझी मिशी उतरवून त्याच्या हातावर ठेवीन. मी चौथी शिकलेला माणूस, पण बोललेला शब्द मागं घेत नाही, हे शेंद्र्यात कुणालाही विचारा. व्याही वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणीला होते. मशीनवरून निघालेला भाग मापात आहे का नाय ते बघायचं, नसला तर त्यावर लाल ठिपका देऊन परत पाठवायचा, एवढंच काम. रिटायर झाले, पण तो लाल ठिपका त्यांच्या डोळ्यांतून काही गेला नाही. कलिंगड घ्यायचं तर गाड्यावरची सगळी वाजवून बघणार आणि म्हणणार, "उद्या बघू." एकदा कन्नडच्या बाजारात झाडू घ्यायला गेले, तर त्या बाईच्या एकेका झाडूनं तिच्याच समोरची जागा झाडून बघितली. बाई म्हणाली, "बाबा, दर बाजाराला येत जा, मला झाडायचं काम राहणार नाय." व्याह्यांना त्यात टोमणा दिसलाच नाही. ते पुढच्या बाजाराला खरंच गेले.

माझी पोरगी बघायलासुद्धा तीनदा आले होते. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, असलं काही विचारलं नाही. खिशातून सुई-दोरा काढला आणि म्हणाले, "ओव." पोरीनं एका दमात ओवला. "हात स्थिर आहे," असं स्वतःशीच बोलून उठले, आणि जाताना म्हणाले, "घरी जाऊन कळवतो." कळवायला अडीच महिने लावले. पोरगी चांगल्या घरात पडली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलीचा बाप झालं की व्याह्यांनी बोलावल्यावर जावं लागतं, आणि शेंद्र्याहून बजाजनगर म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. दोन बस बदलायच्या, गुडघे धरून चढायचं, गुडघे धरून उतरायचं. गेल्या साली मी जेवढा बसनं हिंडलो तेवढा उभ्या आयुष्यात हिंडलो नसेन, आणि ते सगळं एका पिस्तुलापायी.

सुरुवात झाली ती पोरीच्या फोननं. म्हणाली, "अण्णा, मामंजींचा उजवा हात थरथरतोय. जेवताना वाटी हलते." डॉक्टरनं सांगितलं होतं की हे हळूहळू वाढत जाणार, वर्षभर बरं चालेल, पुढचं सांगता येत नाही. दुसरा माणूस असता तर देवाधर्माला लागला असता. आमचे व्याही शूटिंग रेंजवर जाऊन नाव घालून आले. म्हणे, तीस वर्षं या हातानं केसाएवढा फरक पकडला, आता तो जायच्या आत एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत, म्हाताऱ्यांच्या गटात का होईना, साठ छर्रे मारायचे. स्वतःच्या पिस्तुलानं मारायचे. स्पर्धा दिवाळीनंतर होती. डॉक्टरनं हात थांबवायची गोळी दिली, पण स्पर्धेत ती गोळी चालत नाही असं रेंजवरच्या मॅडमनं सांगितल्यावर यांनी ती पुडी तशीच कोनाड्यात ठेवली. म्हणाले, "माल जसा आहे तसाच तपासणीला जाईल."

आता यात मला का ओढलं, तर मी अठ्ठावीस वर्षं एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा होतो. व्याही सगळ्यांना सांगायचे, "आमचे पाव्हणे हत्यारातले आहेत." मीही मान हलवायचो. खरं काय ते माझं मला माहीत. बंदूक रोज पुसली, तेल दिलं, खांद्याला लावून मिशीला पीळ दिला, पण अठ्ठावीस वर्षांत त्या नळीतून मी एक बार काढला नाही. वेळच आली नाही. हे कुणाला सांगायचं कारण नव्हतं, आणि मिशीवाल्या माणसानं सांगूही नये.

रेंजवरच्या मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी, पण आवाज फौजदाराचा. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, आधी दोन-तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव करा, मग स्वतःचं घ्या. आणि घेताना नाव बघू नका, रंग बघू नका. मूठ हातात बसते का ते बघा, आणि हात लांब करून धरल्यावर किती वेळ झेपतं ते बघा." हे हवेचं पिस्तूल, छर्ऱ्याचं. एका हातात धरून, तो हात ताठ समोर करून, दहा मीटरवरच्या कागदी चकतीवर मारायचं. दुसरा हात खिशात. नळी कायम चकतीकडं, आणि मारायच्या आधी बोट घोड्यावर जाता कामा नये. व्याह्यांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि मॅडमची सही घेतली. मी मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जाणकारासारखा खाकरत होतो.

मग दुकानाच्या खेपा सुरू झाल्या. शहरातलं जुनं बंदुकीचं दुकान, म्हातारा दुकानदार आमच्याच वयाचा, जबान गोड. ओळखीचे कागद दाखवले, त्यानं तीन पिस्तुलं काढून मखमलीवर मांडली. व्याह्यांनी पिशवीतून स्वतःची मोजपट्टी काढली. मुठीची लांबी मोजली, तळहाताला टेकणारी लाकडी पट्टी किती सरकते ते बघितलं, आपला तळहात कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतला, आणि शेवटी पिशवी उचलून म्हणाले, "घरी जाऊन कळवतो." दुसऱ्या खेपेला पोरीला आणि जावयाला घेऊन आले. तिसऱ्या खेपेला गल्लीतल्या एका रिटायर मास्तरांना. चौथ्या खेपेला तिन्ही पिस्तुलांच्या आईबापाची चौकशी करावी तशी विचारपूस झाली, कोणत्या देशातली, कुणी बनवली, आधीची कशी निघाली, बिघडली तर दुरुस्तीला कुठं न्यायची. दुकानदार चहा पाजून पाजून दमला. पाचव्या खेपेला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाईसाब, ये पिस्तूल ले रहे कि रिश्ता जोड रहे? मेरी बेटी के टाइम पे भी इत्ते सवाल नै हुए थे." मी म्हणालो, "चाचा, माझ्या पोरीच्या वेळी झाले होते." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून माझ्या चहात तो साखर जास्त घालायला लागला.

दसरा जवळ आला. मॅडम म्हणाली, "काका, आता नाही घेतलं तर सरावाला दिवस उरणार नाहीत." सातव्या खेपेला दोन पिस्तुलं उरली होती. एक हलकं, एक त्याच्याहून पाव किलोनं जड. हलकं व्याह्यांच्या हातात असं बसलं की मुठीचं लाकूड कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतो ते कळेना. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर मला विचारलं, "पाव्हणं, तुमचं काय म्हणणं?"

माझं काय म्हणणं असणार? माझे गुडघे ठणकत होते, घरी जायचं होतं, आणि चार लोक माझ्या मिशीकडं बघत होते. मी जड पिस्तुलावर बोट ठेवलं. "हत्यार जड असावं. जड हत्यार हलत नाय."

व्याह्यांची नजर हलक्यावर गेली, परत माझ्यावर आली. मग म्हणाले, "चाचा, हे बांधा." आमच्यात व्याह्याचा शब्द चार लोकांत खाली पडू द्यायचा नाही, अशी रीत आहे. कलिंगडासाठी चार दिवस घेणाऱ्या माणसानं माझ्या एका वाक्यावर पिस्तूल घेतलं. दुकानदार इतका चकित झाला की दोरी बांधायची विसरला. मी मात्र बसमध्ये छाती काढून बसलो होतो.

ती छाती आठ दिवस टिकली. रेंजवर पहिले दहा छर्रे बरे जायचे. मग हात भरून यायचा आणि थरथर वाढत जायची. विसाव्याला नळीचं टोक भिंगरीसारखं फिरायचं. व्याही पिस्तूल टेबलावर ठेवायचे, हात झटकायचे, परत उचलायचे. मॅडम म्हणाली, "काका, हे तुम्हाला जड होतंय. कुणी घ्यायला लावलं?" व्याही म्हणाले, "माझी पसंती आहे." मी मागच्या खुर्चीवर होतो. मला त्या खुर्चीत बसवेना. पोरगी फोनवर सांगायची, "अण्णा, आता डाव्या हातानं जेवतात. उजवा रेंजसाठी राखून ठेवलाय म्हणतात." स्पर्धेला पंधरा दिवस राहिले होते. साठ छर्रे सोडा, तीससुद्धा त्या पिस्तुलानं होणार नव्हते, आणि पुढच्या साली तो हात असणार नव्हता. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. मी चार दिवस बजाजनगरला गेलोच नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. पाचव्या दिवशी माझी मलाच लाज वाटली आणि सकाळची बस धरली.

व्याही दारात खुर्ची टाकून पिस्तूल पुसत होते. मी उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. म्हणालो, "व्याही, मी आयुष्यात एक बार काढलेला नाय. जड-हलकं मला काही कळत नाय. त्या दिवशी आपलं बोलायचं म्हणून बोललो."

ते पुसत राहिले. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सोयरीक ठरायच्या आधी मी तुमच्या बँकेत तीनदा येऊन बसलो होतो. मुलीचा बाप कसा आहे ते बघायला. बंदुकीचा पट्टा झिजलेला, आणि नळी नव्यासारखी. मी घरी येऊन सांगितलं, माणूस सरळ आहे, भांडणात पडणारा नाय."

"मग ऐकलं कशाला माझं?"

"चार लोकांत विचारलं मीच. तुम्ही सांगितलं. आता तुमचा शब्द मोडून हलकं घेतलं असतं तर तुम्ही परत माझ्या दारात आला असता का?"

आलो नसतो. मी तसाच आहे. मी पिशवी आणली, त्यात पिस्तूल घातलं आणि म्हणालो, "चला. आता मी सांगतो म्हणून बदलून घ्या."

दुकानदार कुरकुरला. वापरलेलं परत घेत नाही म्हणाला. मग व्याह्यांचा हात त्यानं काउंटरवर हलताना बघितला आणि जड पिस्तूल उचलून आत ठेवलं. हलकं पिस्तूल अजून कपाटातच होतं. "किसी को पसंदच नै आया," म्हणाला, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

स्पर्धेच्या दिवशी म्हाताऱ्यांच्या गटात सातजण होते. व्याह्यांनी तीन छर्रे मारावेत, पिस्तूल टेबलावर ठेवावं, डोळे मिटावेत, परत उचलावं. पस्तिसाव्यापर्यंत चकतीच्या मधोमध भोकांची गर्दी होती, मॅडमसुद्धा वाकून बघायला आली. पुढं भोकं पांगायला लागली. शेवटचे चार तर चकतीच्या काळ्या गोलाच्या बाहेर पांढऱ्यात गेले. पण साठ झाले. घंटा व्हायला दोन मिनिटं बाकी असताना त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. नंबर सहावा आला. सातवा गडी चष्मा विसरून आला होता.

व्याह्यांनी आपल्या चकत्या मागून घेतल्या, एकेक उजेडात धरून बघितली, आणि शेवटची बघून म्हणाले, "ही परत पाठवण्यासारखी आहे." मग नीट घडी करून खिशात ठेवली.

रेंजच्या पायऱ्यांना कठडा नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हता, व्याह्या-व्याह्यांत तेवढं अंतर असतंच. त्या दिवशी उतरताना त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो थांबत नव्हता. धरलेल्या पाखरासारखा माझ्या सदऱ्यावर सारखा फडफडत होता. मी एकेक पायरी मोजून उतरलो. माझे गुडघे दुखत होते, ते मी सांगितलं नाही, आणि खाली आल्यावर त्यांनी हात काढला नाही, तेव्हा मीही रिक्षाला हात करायची घाई केली नाही.