जांभळ्या बांगडीचा जेलीफिश

जेलीफिश भट्टीतून काढला आणि चाळीस मिनिटांनी तडकला. आवाज बारीक होता, खडू मोडल्यासारखा. टेबलावर काचेची छत्री आरपार चिरली होती. चीर नेमकी जांभळ्या खुणांमधून गेली होती.

मी नांदेडच्या एका सायन्स कॉलेजात ग्लास ब्लोअर आहे. ब्युरेटचं टोक मोडलं, कंडेन्सरला चीर गेली की वस्तू माझ्याकडे येते. बर्नरवर काचेची नळी मऊ करायची, तोंडाने हवा भरून फुगवायची, पाहिजे तो आकार द्यायचा, असं हे काम. अलीकडे ते घटलं होतं. मोडलेलं टाकून नवं मागवण्याची पद्धत पडली होती. प्रिन्सिपल सरांनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं होतं. तिथे कॉम्प्युटर लॅब होणार होती. खोलीबरोबर बर्नर आणि भट्टी जाणार होती आणि मला स्टोअरमध्ये बसावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात लातूरच्या एका कॉलेजातून झूलॉजीच्या सुनंदा मॅडमचा फोन आला. त्यांच्या म्युझियममधला जेलीफिश फॉर्मॅलिनमध्ये विरून पांढरा गोळा झाला होता.

"पोरं त्याला दह्याची बरणी म्हणतात, रफिकभाई. औशाची, उदगीरची पोरं आमची. निम्म्यांनी समुद्र बघितलेला न्हाई. काचेचा करून देता का?"

मी सरांना विचारलं.

"करा," सर म्हणाले. "जमलं आणि बाहेरची कामं यायला लागली, तर खोलीचं बघू. नाही जमलं तर चावी जमा करा."

मॅडमची एकच अट होती. या जातीच्या जेलीफिशच्या छत्रीत घोड्याच्या नालासारख्या चार जांभळ्या खुणा असतात. ती त्याची जननेंद्रियं. पोरं त्यांवरूनच प्राणी ओळखतात. त्यामुळे रंग हवाच.

माझ्याकडची सगळी काच बोरोसिलिकेट. ती ज्योतीवर टिकते, पण बिनरंगी असते. रंगीत मागवायला वेळ नव्हता. घरात बायकोची जांभळी बांगडी होती. ती वितळवून मी चार खुणा चिकटवल्या. बांगडीची काच साधी, म्हणजे सोडा काच. थंड होताना ती बोरोसिलिकेटपेक्षा जास्त आकसते. दोन्ही जोडल्या की एक दुसरीला ओढते आणि जोड फुटतो. हा नियम नव्या लॅब असिस्टंटना मीच सांगत आलो आहे. थर पातळ आहे, चालून जाईल, असं मी धरून चाललो.

मॅडमना फोन केला.

"तडकला, मॅडम."

"पुरा?"

"आरपार."

"आता कसं ओ? पुढच्या सोमवारी म्युझियम उघडून राहिलो आम्ही."

"सोमवारी आणतो."

फोन ठेवल्यावर मी जुनं कपाट उघडलं. पूर्वी टेस्ट ट्यूब इथेच बनायच्या. त्या काळातल्या रुंद सोडा काचेच्या नळ्या खालच्या फळीवर पडून होत्या. रंगाची काच जर सोडा काच आहे, तर छत्रीही सोडा काचेचीच करायची. पण सोडा काचही सगळी सारखी नसते. प्रत्येक कारखान्याची वेगळी. नळीला जुळणारी बांगडी शोधायला हवी होती.

बाजारात शांताबाई कासारणीचं दुकान आहे. तिच्याकडे गेलो.

"शांताबाई, फुटक्या बांगड्या आहेत का? जांभळ्या."

"हळू बोला की, रफिकभाई! फुटक्या न्हाई, वाढलेल्या म्हणा. दुकानात नवी नवरी बसलीय."

"वाढलेल्या द्या."

"काय करता?"

"जेलीफिश."

"भाभीला सांगितलं का हे?" असं म्हणत तिने तुकड्यांचा डबाच पुढे केला.

डब्यात जांभळ्या रंगाचे सात प्रकार निघाले. पारख सोपी असते. नळीचा आणि बांगडीचा तुकडा शेजारी शेजारी वितळवून एकत्र जोडायचे आणि ओढून केसासारखा धागा काढायचा. थंड झाल्यावर धागा वाकला तर दोन काचा जुळत नाहीत. सरळ राहिला तर जुळतात. सहा धागे विळ्यासारखे वाकले. सातवा सरळ राहिला.

सातवी बांगडी तान्ह्या बाळाची होती. अर्ध्यात मोडलेली, म्हणजे जवळजवळ नालाचाच आकार. डब्यात तसे आणखी तुकडे होते; त्यांना थोडी आच दिली की खूण तयार. छत्री फुगवली, चार नाल बसवले, कडेला आठ खाचा पाडल्या, बारीक धागे ओढून लोंबते हात लावले. मग भट्टीत पूर्ण एक दिवस हळूहळू थंड होऊ दिलं. बाहेर काढून समोर बसलो. चाळीस मिनिटं झाली, दोन तास झाले. आवाज आला नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने लातूरला निघालो. पेटी कापसात भरून मांडीवर घेतली होती.

"पेटीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"जेलीफिश. समुद्रातला प्राणी."

"जिता हाय का?"

"नाही. काचेचा."

"मग एकच तिकीट."

अहमदपूरच्या पुढे रस्ता उखडलेला होता. तेवढं अंतर मी पेटी हातांवर उचलून धरली.

मॅडमनी जेलीफिश पाण्याच्या बरणीत सोडला. बिनरंगी छत्री पाण्यात जवळजवळ दिसेनाशी झाली. चार जांभळे नाल तेवढे तरंगल्यासारखे दिसत राहिले. मुलं बरणीभोवती जमली. उदगीरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ह्याला डोळे कुठं असतात?"

मॅडमनी कडेच्या खाचांवर बोट ठेवलं. "इथं. मोज."

मुलीने बरणीभोवती फिरून आठ मोजल्या.

त्या महिन्यात आणखी दोन कॉलेजांची पत्रं आली. मी ती सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी वाचली आणि कॉम्प्युटर लॅब वरच्या मजल्यावर नेली. चावी माझ्याकडेच राहिली.

थर कितीही पातळ असला तरी नियम लागू असतो, हे मी आता नव्या असिस्टंटना तडकलेला जेलीफिश दाखवून सांगतो. तो खिडकीत ठेवला आहे. सध्या ऑक्टोपसची मागणी आली आहे, लाल रंगाच्या. सरळ धागा अजून सापडलेला नाही. शांताबाईचा डबा अर्धा तपासून झाला आहे.